तोड टोळीचे पर्यवेक्षक होताय? या चुका टाळा

लाकडाच्या डेपोत गाडी रिकामी होते, मापं घेतली जातात आणि यादीतले आकडे जुळत नाहीत. एखाद्या चांगल्या लठ्ठ्याला, म्हणजे खोडाच्या ओंडक्याला, बुडापासून हातभर उभी चीर गेलेली दिसते. नव्या पर्यवेक्षकाचा पहिला विचार असतो की डेपोवाल्यांनी चूक केली किंवा गाडीत माल नीट लावला नाही. पहिल्या हंगामात मलाही तसंच वाटायचं. नंतर कळलं, डेपोत दिसणारी बहुतेक गडबड त्याच्या कितीतरी आधी, कुपात, म्हणजे तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, सकाळच्या पहिल्या तासाभरात झालेली असते. म्हणून या लेखात प्रत्येक चूक जिथे दिसते तिथून जिथे घडली तिथपर्यंत मागे नेऊन सांगतो आहे.

मी सांगतोय ते चंद्रपूर-गडचिरोली भागातल्या सागाच्या कुपांबद्दल. महाराष्ट्र वनविकास महामंडळ 1974 साली स्थापन झालं, त्याचं मुख्यालय नागपूरला आहे. जंगल कामगार सहकारी संस्था त्याहून जुन्या. चंद्रपूरची वन अकादमी किंवा पाल, शहापूर, चिखलदरा इथल्या प्रशिक्षण शाळांमधून बाहेर पडलेल्या मुलाला झाडं ओळखता येतात, नियम पाठ असतात, नकाशा वाचता येतो. वीस माणसांची टोळी हाताखाली आली की मात्र तो गोंधळतो. त्यात त्याचा दोष नाही. टोळी चालवणं कुपात उभं राहूनच शिकावं लागतं.

कूप न फिरता कुऱ्हाड लावणे

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. मार्किंगची, म्हणजे तोडीसाठी खुणा केलेल्या झाडांची, यादी हातात आहे, मुकादम तयार आहे, मजूर आले आहेत, म्हणून काम सुरू. पण यादीत फक्त झाडाचा क्रमांक, जात आणि घेर असतो. घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून 1.37 मीटरवर घेतलेला. झाड कुठे झुकलं आहे, त्याच्या शेंड्यात शेजारच्या झाडाची वाळलेली फांदी अडकली आहे का, खोड पोकळ आहे का, हे यादी सांगत नाही.

तोड सुरू होण्याआधी निदान एक दिवस मुकादमाला बरोबर घेऊन पूर्ण कूप पायी फिरा. सीमारेषा साफ आहे का ते पाहा. ओढ्याकाठची राखायची झाडं, घरटी असलेली झाडं मुकादमाला बोट दाखवून सांगा. कुऱ्हाडीच्या पाठीने खोड ठोकून बघायची सवय लावा, पोकळ झाडाचा आवाज वेगळाच येतो. आग्या मोहोळ असलेलं झाड आधीच हेरून ठेवा. त्याच्या आसपास कुऱ्हाडीचे दणके बसले की सगळी टोळी कूप सोडून पळते आणि पळताना माणसं पडतात. ट्रॅक्टर कुठपर्यंत येईल, लठ्ठे कोणत्या वाटेने ओढायचे, थप्पी कुठे लावायची, हेही त्याच दिवशी ठरवा. गाडी नाल्यात रुतली की लोक चालकाला बोलतात. खरं तर थप्पीची जागा नाल्यापलीकडे धरली तेव्हाच ती रुतली होती.

फिरताना मुकादम जे बोलेल ते ऐका. "साहेब, हे झाड तिकडं नाही जात, वळते," असं तो म्हणाला तर थांबा आणि वर बघा. त्याने अशी झाडं शेकड्याने पाडली आहेत.

टोळ्या जवळजवळ लावणे

लक्ष ठेवायला सोपं जावं म्हणून नवा पर्यवेक्षक सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करतो. तोडीत हे चालत नाही. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरात तोडणाऱ्यांखेरीज कोणी नको. झाड 20 मीटर उंच असेल तर 40 मीटर. हे अंतर पावलांनी मोजून दाखवा, कारण डोळ्याला ते नेहमी कमी वाटतं. उतारावर अंतर पाळूनही भागत नाही. वर तोड चालू असताना खाली साल काढणारे, जळाऊ रचणारे किंवा लठ्ठे ओढणारे असता कामा नयेत. लठ्ठा एकदा घरंगळला की तो माणसाच्या हाती थांबत नाही.

अडकलेलं झाड हा सगळ्यात मोठा धोका. पाडलेलं झाड शेजारच्याच्या फांद्यांत अडकून तिरपं उभं राहतं आणि टोळीला वाटतं, आता काय, थोडं हलवलं की पडेल. मग कोणीतरी खाली जाऊन बुंधा तोडायला लागतो, कोणी ज्या झाडात ते अडकलंय तेच पाडायला निघतो, कोणी त्यावर दुसरं झाड पाडून ते खाली आणू म्हणतो. या तिन्ही गोष्टींवर पहिल्या दिवसापासून सक्त बंदी घाला. माणसं बाहेर काढा, दोरी किंवा फांद्या लावून जागा अडवा, आणि बुंधा लांबून दोर-साखळीने ट्रॅक्टरकडून मागे ओढून घ्या. ट्रॅक्टर दुपारी येणार असेल तर ते झाड दुपारपर्यंत तसंच राहू द्या, पण तोवर त्या बाजूला एकही माणूस नको. अर्ध्या दिवसाचं काम बुडालं म्हणून वरून बोलणी बसली तर ती तुम्ही ऐकून घ्या. तेही तुमचंच काम आहे.

उभी चीर, वळलेलं झाड, ओढलेले तंतू

आता त्या चिरलेल्या लठ्ठ्याकडे येऊ. पुढे खूप झुकलेल्या झाडाला समोरची खाच न देता किंवा अगदी उथळ देऊन मागून काप घेतला, की झाड पूर्ण तुटण्याआधीच झुकायला लागतं आणि बुंधा उभा चिरत वर जातो. मागचा अर्धा भाग तोडणाऱ्याच्या छातीपर्यंत उसळतो. लठ्ठ्याची किंमत गेली, हे नुकसान त्यापुढे लहानच.

पाडायच्या दिशेला खोडाच्या जाडीच्या साधारण पाव भाग खोल खाच हवी. मागचा काप खाचेच्या तळापेक्षा थोडा वर घ्यायचा आणि मध्ये न कापलेली पट्टी ठेवायची. ही पट्टी दाराच्या बिजागरीसारखं काम करते, झाडाला दिशा देते. जाडीच्या दहाव्या भागाइतकी पट्टी पुरते, म्हणजे 40 सेंटिमीटर जाडीच्या झाडाला सुमारे 4 सेंटिमीटर. झाड पडल्यावर थुटावर, म्हणजे जमिनीत उरलेल्या बुंध्यावर, ही पट्टी वाचता येते. एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर झाड जाड बाजूकडे वळलं असणार. पट्टी उरलीच नसेल तर ते नशिबाने योग्य बाजूला पडलं. बुंध्यातून लांब तंतू ओढून निघाले असतील तर खाच उथळ होती किंवा पट्टी जाड राहिली. फार झुकलेल्या झाडाला चेनसॉने आधी मधून काप घेऊन मागे थोडा भाग शेवटपर्यंत धरून ठेवतात. हे काम ज्याला येतं त्यालाच द्या.

रोज संध्याकाळी परतताना दहा थुटं वाचा. कोणाला काय शिकवायचं ते थुट सांगतं, माणसाला चारचौघांत विचारावं लागत नाही.

तोडणाऱ्याची पळवाटही झाडाला हात लावण्याआधी साफ झाली पाहिजे. ही वाट झाडाच्या अगदी मागे नको, मागे पण तिरकी हवी. नेमका मागे उभा असलेला माणूस उसळणाऱ्या बुंध्याच्या टप्प्यात येतो.

उंच थुटं

कमरेत वाकायला नको म्हणून गुडघ्याच्या उंचीवर तोडलं की सागाचा सर्वांत जाड भाग जंगलात राहतो. थुट 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. मार्किंगच्या वेळी हातोड्याचा शिक्का छातीच्या उंचीवर आणि बुडाशी असा दोन ठिकाणी मारलेला असतो. बुडाचा शिक्का तोडीनंतरही थुटावर शाबूत राहिला पाहिजे, कारण हे झाड परवानगीने तोडलं याचा कुपात उरणारा तो एकमेव पुरावा. काप शिक्क्यातून गेला तर उद्या त्या थुटाबद्दल तुम्हाला विचारतील. सागाला फुटवा चांगला येतो, त्यामुळे थुटाची साल सुटू न देता काप गुळगुळीत आणि थोडा उतरता ठेवा. फाटलेल्या थुटावर पाणी साचतं आणि फुटवा कमजोर येतो.

तुकडे कुठे करायचे

इथे मी जास्त थांबणार आहे. नव्या माणसाच्या हातून सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मुकादमाला "तीन-तीन मीटरचे करा" असं सांगून पर्यवेक्षक पुढच्या झाडाकडे जातो. लठ्ठे सारखे होतात, मोजायला आणि रचायला सोपे जातात. पण सागाचा भाव घेर, लांबी आणि सरळपणा यांवर चढतो, आणि लांब, सरळ, जाड लठ्ठ्याला मिळणारा दर त्याचे दोन तुकडे केल्यावर मिळत नाही.

गंमत अशी की तुकडे केल्यावर कागदावरचं घनमाप थोडं वाढतं. आपल्याकडे मापणी पाव-घेर पद्धतीने होते. मधला घेर घ्यायचा, त्याला चारने भागायचं, वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. 6 मीटरच्या लठ्ठ्याचा मधला घेर 90 सेंटिमीटर असेल तर घनमाप 0.304 घनमीटर येतं. त्याचेच 3 मीटरचे दोन तुकडे केले, बुडाच्या तुकड्याचा मधला घेर 105 आणि शेंड्याकडचा 75 निघाला, तर बेरीज 0.312 येते. लाकूड एका मुठीनेही वाढलेलं नाही. आकडा बघून खूश होणारा पर्यवेक्षक लांब लठ्ठ्याचा भाव मात्र घालवून बसतो.

झाड आडवं पडल्यावर आधी पूर्ण लांबी चालून बघा. वाक, गाठी, पोकळी, आगीचे जुने डाग कुठे आहेत ते खडूने दाखवा आणि काप ठरवून मगच करवत लावू द्या. वाक असेल तर काप वाकातच घ्या, म्हणजे दोन्ही तुकडे सरळ निघतात. पोकळ भाग चांगल्या लठ्ठ्याला चिकटून राहू देऊ नका, तो सगळ्या लठ्ठ्याची प्रत खाली ओढतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 मध्ये बल्लारपूरहून जो साग गेला, तो याच पट्ट्यातल्या जंगलाचा. तसं लाकूड जंगलात उभं असणं ही अर्धी गोष्ट, ते तुकडे करताना वाया न जाणं ही उरलेली अर्धी.

मापणीतला फरक

यादी आणि डेपोचं माप जुळत नसेल तर आधी साल बघा. घेर सालीखाली घ्यायचा, म्हणजे टेप बसवायच्या जागी साल काढून. साल 1 सेंटिमीटर जाड असेल तर घेरात सुमारे 6 सेंटिमीटर वाढतात. 4 मीटर लांब आणि 120 सेंटिमीटर घेराच्या लठ्ठ्याचं घनमाप 0.360 घनमीटर. तोच सालीवरून 126 मोजला तर 0.397. फरक दहा टक्क्यांचा, आणि तो प्रत्येक लठ्ठ्यावर एकाच बाजूला पडतो, त्यामुळे पूर्ण कुपाची यादी फुगते. साल बरोबर असेल तर टेप तिरकी गेली होती का ते पाहा, तिरकी टेप घेर नेहमी जास्तच दाखवते. तिसरी शक्यता मध्य चुकल्याची. मध्य लांबी मोजूनच काढा, अंदाजाने नको.

माप आणि क्रमांक एकाच वेळी, लठ्ठ्याजवळ उभं राहून लिहा. संध्याकाळी कॅम्पवर आठवून लिहिलेली यादी मी कधीच जुळलेली पाहिली नाही.

माणसांबाबतच्या चुका

सुरक्षेच्या सूचना सरकारी मराठीत वाचून दाखवणं हा रिवाजच होऊन बसला आहे. टोळीतले अर्धे लोक घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, सिरोंचाकडे तेलुगू. सकाळी पाच मिनिटं उभं राहून आजची झाडं, आजचे धोके आणि तीन हातखुणा इतकंच दाखवा: थांबा, मागे व्हा, झाड पडतंय. त्यांच्या भाषेतले ते तीन शब्द तुम्ही शिका. चेनसॉच्या आवाजात हाक ऐकू जात नाही, म्हणून हातखुणा हव्याच.

काम उक्तं दिलं की वेग वाढतो, आणि वेगाबरोबर अपघातही. तोड उक्ती देणार असाल तर दिवसाची मर्यादा बांधा. हजेरीपट त्याच दिवशी भरा, मजुरी ठरल्या दिवशी द्या. मजुरी लांबली की अनुभवी माणसं दुसरीकडे जातात आणि तुमच्या हाती नवखी पोरं उरतात. साल काढणाऱ्या आणि जळाऊ रचणाऱ्या बायांची नावं हजेरीपटावर नवऱ्याच्या नावाखाली नकोत, स्वतंत्र हवीत.

चंद्रपूरला उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. मार्चनंतर काम सकाळी लवकर सुरू करून दुपारी थांबवा. पण उजाडण्याआधी कोणाला कुपाकडे एकटं चालत येऊ देऊ नका, या भागात वाघ आणि अस्वलं खरोखर आहेत. सगळे एकत्र या, एकत्र जा. साप चावला तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक यात वेळ न घालवता माणसाला न चालवता गाडीत घालून दवाखान्यात न्या. त्यासाठी एक गाडी कुपाजवळ कायम उभी असली पाहिजे आणि चालकाला जवळचा दवाखाना माहीत असला पाहिजे.

बांबूच्या कुपात बदली झाली तर सागाची सवय तिथे नेऊ नका. बेट बाहेरून खाल्लं की संपतं. या वर्षीचे कोवळे बांबू आणि कडेचे बांबू राखायचे, जुने आतून काढायचे.

प्रशिक्षण संपत आलं की एक काम स्वतःहून करा. डेपोतल्या थप्पीतला कोणताही एक लठ्ठा निवडा, त्याच्या तोंडावरचा क्रमांक यादीत शोधा, यादीवरून झाडाचा क्रमांक घ्या आणि कुपात जाऊन त्याचं थुट गाठा. शिक्का शाबूत आहे का, पट्टी सारखी आहे का, उंची किती, ते बघा. थुट सापडलं नाही तर साखळी कुठे तुटली ते शोधल्याशिवाय परत येऊ नका.