सॉफ्टवेअर विकण्याआधी दुकानाच्या काउंटरवर काय पाहावे

छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेड येथे व्यावसायिकांसाठी सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या तरुणांना आपल्या उत्पादनात कोणकोणत्या सोयी आहेत, हे तोंडपाठ असते. मात्र ते घेणाऱ्याचे नेमके कोणते काम अडले आहे, असे विचारले तर उत्तर ढोबळ मिळते. मार्केटिंगची तयारी या दुसऱ्या प्रश्नापासून करावी लागते. ती कशी करावी हे नीट समजण्यासाठी एकच उत्पादन डोळ्यांसमोर ठेवू: तालुक्याच्या गावातील कृषी सेवा केंद्रासाठी बिलाचे आणि साठ्याचे सॉफ्टवेअर.

पहिले काम म्हणजे मालकाच्या परवानगीने दुकानात बसणे. तेथे "तुम्हाला काय हवे आहे?" असे विचारू नये, कारण दुकानदार अशा वेळी दुसरीकडे पाहिलेल्या एखाद्या सॉफ्टवेअरचे वर्णन करतो. त्याऐवजी "कालचे शेवटचे बिल कसे केले, ते दाखवता का?" असे विचारावे आणि तो जे करतो ते शांतपणे पाहावे. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने वेगळे, नोंदवह्या वेगळ्या आणि करही वेगळे, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसते. पेरणीच्या बियाण्याला जीएसटी नाही, रासायनिक खतांना 5 टक्के आहे आणि बहुतेक रासायनिक कीटकनाशकांना 18 टक्के आहे. शेतकरी मात्र तिन्ही वस्तू एकाच वेळी घेऊन जातो. अनुदानित युरिया किंवा डीएपी विकताना शेतकऱ्याची आधारची ओळख घेऊन पॉस मशीनवर, म्हणजे विक्रीची नोंद करणाऱ्या छोट्या यंत्रावर, नोंद करावी लागते, आणि तीच विक्री दुकानदाराला स्वतःच्या हिशेबासाठी पुन्हा लिहावी लागते. गर्दीच्या दिवशी ही दुसरी नोंद संध्याकाळवर ढकलली जाते आणि साठ्यात फरक पडतो तो तेथेच.

बियाण्याच्या बिलावर वाण आणि लॉट नंबर (बियाणे कोणत्या खेपेतले, ते सांगणारा क्रमांक) असणे किती महत्त्वाचे आहे, हे 2020 च्या खरिपात मराठवाड्याने अनुभवले. सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी त्या वर्षी मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि तक्रार नोंदवताना शेतकऱ्याच्या हातातील पावती हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. पावतीवर लॉट नंबर अचूक असेल तर शेतकऱ्याची बाजू भक्कम होते आणि दुकानदारालाही माल कोणत्या कंपनीकडून, कधी आला हे लगेच दाखवता येते. जे सॉफ्टवेअर लॉट नंबर विचारल्याशिवाय बियाण्याचे बिल पुढे जाऊ देत नाही, त्याच्या जाहिरातीत ही गोष्ट सर्वांत वर असायला हवी. माझ्या पाहण्यात ती बहुधा सोयींच्या लांबलचक यादीत कुठेतरी दडलेली असते.

सर्वांत जास्त वेळ द्यावा तो उधारीच्या वहीला. जूनमध्ये बियाणे आणि खत उधारीवर जाते आणि सोयाबीन बाजारात आल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास वसुली सुरू होते. वहीत एका पानावर एक शेतकरी असतो. एकाच गावात एकाच आडनावाची अनेक कुटुंबे असल्यामुळे नावापुढे वडिलांचे नाव, वस्ती किंवा "पाण्याच्या टाकीजवळ" अशी खूण लिहिलेली असते. अर्धवट जमा झालेल्या रकमा समासात तिरप्या अक्षरांत असतात. ग्राहकाचे नाव आणि मोबाईल नंबर असे दोनच रकाने देणारे सॉफ्टवेअर या वहीची जागा घेऊ शकत नाही, कारण मोबाईल नंबर बदलतो आणि खूण टिकते. ही बाब विक्रेत्याने स्वतः पाहिली नसेल, तर "ग्राहक व्यवस्थापनाची सोय" असे शब्द तो कितीही वेळा लिहो, दुकानदाराला त्यात स्वतःची वही दिसणार नाही.

त्यामुळे जाहिरातीची भाषा निरीक्षणाच्या टिपणांतूनच घ्यावी. "क्लाउडवर चालणारी आधुनिक इन्व्हेंटरी प्रणाली" या वाक्याने काउंटरवरचा माणूस हलत नाही. "कोणत्या गावात किती उधारी राहिली, याची यादी वसुलीला निघण्यापूर्वी हातात" किंवा "मुदत संपत आलेली औषधे कंपनीला परत पाठवण्याची वेळ टळण्याआधी कळतील" ही वाक्ये त्याच्या रोजच्या चिंतेला उत्तर देतात. जे वाक्य लिहाल ते उत्पादन खरोखर पूर्ण करते का, हे मात्र आधी तपासावे. पॉस मशीनवरची नोंद आपोआप सॉफ्टवेअरमध्ये येत नसेल, तर तसे स्पष्ट सांगणेच योग्य, कारण खोटे आश्वासन पहिल्याच हंगामात उघडे पडते आणि बाजारपेठेतील सगळी दुकाने एकमेकांना ओळखतात.

खरेदीचा निर्णय एकटा मालक घेत नाही, हेही लक्षात ठेवावे. मालकाला उधारी आणि साठा महत्त्वाचा वाटतो, बिल करणाऱ्या मुलाला वेग हवा असतो आणि कर सल्लागाराला मासिक विवरणपत्र भरणाऱ्यांची जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीचा तपशील देणाऱ्या जीएसटी विवरणपत्राची, माहिती 11 तारखेपूर्वी नीट मिळायला हवी असते. सल्लागाराने "हे घेऊ नका" असे म्हटले की व्यवहार बहुधा तेथेच थांबतो, म्हणून त्याला आधी भेटून त्याच्या कामाची फाईल तयार करून दाखवावी.

भेटीची वेळ चुकली तर चांगले उत्पादनही मागे पडते. मृग नक्षत्राच्या आसपास दुकानात उभे राहायला जागा नसते; त्या दिवसांत प्रात्यक्षिक दाखवायला जाणे म्हणजे नकार मागून घेणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुकानदाराला तुलनेने उसंत असते, 1 एप्रिलला नवे आर्थिक वर्ष सुरू होताना आरंभीचा साठा भरता येतो आणि खरिपाची गर्दी येईपर्यंत हात बसतो.

प्रात्यक्षिकासाठी नमुन्याची बनावट माहिती वापरू नये. दुकानदाराच्या संमतीने त्याच्याच वहीतील काही पाने आणि त्याच्याच रॅकवरील काही वस्तू भरून, बियाणे, खत आणि कीटकनाशक असलेले एक बिल त्याच्याकडूनच करून घ्यावे. मध्येच इंटरनेट बंद करून बिल निघते का, हेही दाखवावे, कारण वीज आणि नेट जाणे ही त्याची नेहमीची अडचण आहे. आपले दर शेजारच्या दुकानाला कळतील का आणि वर्गणी बंद केली तर उधारीची यादी आपल्याकडे राहील का, या त्याच्या शंका पूर्णपणे रास्त आहेत. माहिती कोठे साठते आणि ती एक्सेलमध्ये कशी काढून घेता येते, हे त्याने विचारण्यापूर्वीच सांगावे. किंमत सांगताना वर्षाची पूर्ण रक्कम, त्यात समाविष्ट असलेली मदत आणि पुढील वर्षाचा दर एकाच कागदावर मराठीत लिहून द्यावा. ज्याच्याकडे उधारी थोडी आणि माल मोजकाच आहे, त्याला वहीच पुरेशी असल्याचे सांगावे, कारण वापर न होणारे सॉफ्टवेअर पुढील वर्षी कोणी नव्याने घेत नाही.

विक्रीनंतर जुलैमध्ये गर्दी ओसरली की प्रत्येक दुकानात पुन्हा जावे. कोणता भाग रोज उघडला जातो, कोणता कधीच उघडला नाही आणि काउंटरखाली जुनी वही अजूनही कशासाठी वापरात आहे, हे पाहून त्याची नोंद करावी. त्या वहीत जे लिहिले जात असेल, त्यातूनच उत्पादनातील पुढची सुधारणा ठरवावी आणि ती प्रत्यक्षात उतरल्यावरच माहितीपत्रकात तिचा उल्लेख करावा.