उपचारात्मक घोडेस्वारी: नाव नोंदवताना या चुका टाळा

माथेरानला किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा लेकपाशी पोर घोड्यावर बसतं, खुदकन हसतं आणि परतीच्या गाडीतच आईबाप ठरवतात, याला घोड्याची थेरपी लावायची. कल्पना वाईट नाही. गफलती होतात त्या पुढे, चौकशीचा फोन लावल्यापासून अर्ज भरेपर्यंत.

पहिली गफलत म्हणजे आपल्याला नेमकं काय हवंय हेच न ठरवणं. हिप्पोथेरपीत फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट स्वतः हजर असतो आणि घोड्याच्या चालीचा उपचारासाठी वापर करतो. चालणाऱ्या घोड्यावर बसलेल्याची कंबर बरीचशी माणसाच्या चालीसारखीच हलते, म्हणून ही खटपट. उपचारात्मक घोडेस्वारीत मात्र प्रशिक्षक लगाम धरायला, घोडा थांबवायला, वळवायला शिकवतो. तोल आणि आत्मविश्वास वाढला तर उत्तमच, पण तो स्वारीचा वर्ग आहे. त्यामुळे ‘तुमच्याकडे थेरपी आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘शिकवणार कोण आणि त्याचं प्रशिक्षण कशातलं?’ हे विचारा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी पाथ इंटरनॅशनल या उपचारात्मक घोडेस्वारीच्या संस्थेची मान्यता पाहावी, ब्रिटनमध्ये १९६९पासून रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन हे काम करते. आपल्याकडे रायडिंग क्लबात चौकशी करताना चढण्यासाठी रॅम्प आहे का, घोडा धरणारा एक आणि स्वाराच्या दोन्ही बाजूंनी चालणारे मदतनीस मिळतील का, हे प्रत्यक्ष जाऊन बघा. ‘आमचा घोडा एकदम गरीब आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक वैद्यकीय फॉर्मवर होते. प्रवेश नाकारतील या धास्तीने पालक फिट्सच्या रकान्यात ‘नाही’ लिहितात. अशा वेळी बाजूच्या मदतनीसाला कल्पनाच नसते की आपल्याला मूल क्षणात खाली उतरवावं लागेल. शेवटची फिट कधी आली, किती वेळ टिकली, आधी काही चाहूल लागते का, औषध कोणतं, सगळं लिहा. फिट्स आटोक्यात नसतील तर केंद्र थांबायला सांगेल, आणि ते बरोबरच आहे.

डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. जुना एक्स-रे फायलीला जोडला की काम झालं, असं समजू नका; डॉक्टरांकडून मज्जासंस्थेची तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते. चाल अचानक बिघडली, हातातली ताकद कमी झाली, लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर घोडा राहू द्या, आधी डॉक्टर गाठा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या मुलांचा खुबा सरकलेला असू शकतो आणि घोड्यावर तर पाय फाकवूनच बसायचं असतं, म्हणून खुब्याचा अलीकडचा एक्स-रे दाखवावा. स्पायना बिफिडात, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट जुळलेला नसतो तेव्हा, त्वचेला संवेदना कमी असते. खोगिराने घासून झालेली जखम मुलाला कळतच नाही, म्हणून प्रत्येक वेळी घरी आल्यावर मांड्या आणि बैठकीचा भाग पाहायचा. दमा किंवा घोड्याच्या केसांची ॲलर्जी असेल तर तेही सांगायचं.

वजनाबद्दल विचारायला लोक लाजतात, विशेषतः स्वार मोठा माणूस असेल तेव्हा. साधारण ठोकताळा असा, की खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त नसावा. म्हणजे ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो. तोल जाणाऱ्या स्वारासाठी मर्यादा आणखी खाली येते. हे पहिल्या फोनवरच विचारा. बसता आलं नाही तरी घोड्याला खरारा करणं, दोरी धरून त्याला चालवणं असे जमिनीवरचे कार्यक्रम काही ठिकाणी असतात, आणि मला तरी ते दुय्यम वाटत नाहीत.

मूल हेल्मेटच घालू देत नाही, ही स्वमग्न मुलांच्या पालकांची नेहमीची अडचण. पहिल्या दिवशी तबेल्यात जबरदस्ती कराल तर तो दिवस वाया जाईल. नोंदणी झाल्यावर केंद्रातून हेल्मेटचं माप आणि नमुना मागा आणि घरी, आवडीचं काही चालू असताना, दोन-दोन मिनिटांनी वेळ वाढवत जा. तबेल्याच्या वासाची, फुरफुरण्याच्या आवाजाची ओळख करून द्यायला एक नुसती भेट मागून घ्या. पूर्ण लांबीची पँट आणि टाच असलेले बूट लागतात. पायाला ब्रेस असेल तर तो घालून बसायचं की काढून, हे आधीच ठरवा.

आता अपेक्षांबद्दल. डेन्मार्कच्या लिस हार्टेलची गोष्ट पालकांना हमखास ऐकवली जाते: पोलिओने गुडघ्याखाली पाय अधू, तरी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक. गोष्ट खरी आहे. पण पोलिओ होण्याआधीच त्या कसलेल्या घोडेस्वार होत्या, हे सांगायचं राहून जातं. त्या भरवशावर चालू फिजिओथेरपी बंद करणं ही घोडचूकच. घोडेस्वारी तिच्या जोडीने चालू द्या आणि थेरपिस्टला केंद्राशी बोलायला लावा.

फॉर्म एकदा भरला की विषय संपत नाही. मधल्या काळात शस्त्रक्रिया झाली, स्नायूंचा ताठरपणा कमी करायला बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं, फिटचं औषध बदललं, तर पुढच्या वर्गाआधी केंद्राला कळवा आणि डॉक्टरांची नवी चिठ्ठी द्या.