रेझिनच्या नमुन्यावर सिलिकॉन चिकट राहू नये म्हणून

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाण्याच्या वर्कशॉपमध्ये रेझिनच्या थ्रीडी प्रिंटवर (म्हणजे नमुन्यावर) सिलिकॉन ओतून साचा घेताना हा प्रकार हमखास दिसतो: सिलिकॉन बाहेरून घट्ट झालेलं असतं, पण नमुना काढला की आतला थर चिकट निघतो. सिलिकॉनच्या एकत्र मिसळायच्या दोन भागांचं (अ आणि ब) प्रमाण किंवा ढवळणं चुकलं असेल, तर साचा सगळीकडे नाहीतर पट्ट्यापट्ट्यांनी कच्चा राहतो. फक्त नमुन्याला टेकलेला थरच कच्चा असेल, तर दोष रेझिनचा समजा. नमुन्यात उरलेलं रेझिनमधलं कच्चं अ‍ॅक्रिलेट आणि फोटोइनिशिएटर (उजेड पडला की रेझिन घट्ट करायला लावणारं रसायन) सिलिकॉन घट्ट करणाऱ्या त्यातल्या प्लॅटिनमला निकामी करतात. असा साचा नंतर कितीही तापवला तरी सुधारत नाही.

त्यामुळे खरं काम ओतण्याआधीचं. 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन डबे ठेवा, दुसरा कायम स्वच्छ. प्रत्येकात 3 ते 5 मिनिटं धुवा, खाचांतून मऊ ब्रश फिरवा, पोकळ नमुन्याच्या आत सिरिंजने अल्कोहोल मारा. हवेने फुंकून पूर्ण वाळवा. अल्कोहोलने ओला नमुना ओव्हनमध्ये कधीही ठेवू नका, वाफ पेट घेते.

आता यूव्ही. हवेतला ऑक्सिजन रेझिनचा वरचा थर पक्का होऊ देत नाही, आणि सिलिकॉन टेकतं ते नेमकं त्याच थराला. म्हणून नमुना काचेच्या भांड्यात पाण्यात बुडवून 405 नॅनोमीटरच्या दिव्याखाली ठेवा आणि सगळ्या बाजू फिरवत राहा. आपल्याकडचं ऊनही चालतं. पाण्यामुळे पातळ भाग तापून वाकण्याची भीती कमी होते. नंतर कोरडा करून 60 अंशांवर 4 तास भाजा. रेझिनला तेवढी उष्णता सोसते का, ते आधी बघा. शेवटी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक स्प्रेचे दोन-तीन पातळ हात द्या आणि एक दिवस वाळू द्या. साचा सहज सुटावा म्हणून मारतात त्या नुसत्या रिलीज स्प्रेच्या भरवशावर राहू नका, त्याने हा त्रास थांबत नाही.

सपोर्टचा (प्रिंटला छापताना दिलेल्या आधाराचा) एक तुकडा फेकू नका. नमुन्याबरोबर त्यालाही हेच सगळे संस्कार करा आणि त्यावर थोडं सिलिकॉन ओतून बघा. ठरलेल्या वेळेनंतर सोलल्यावर बोटाला काही लागलं नाही, तरच मोठा साचा ओता.

लेटेक्सचे हातमोजे आणि गंधक असलेली क्ले यांनीही हेच नुकसान होतं; नायट्राइलचे मोजे आणि बिनगंधकाची क्ले घ्या. टिन सिलिकॉनसाठी (ज्यात प्लॅटिनमऐवजी टिन असतं) वापरलेले डबे, काड्या प्लॅटिनमच्या कामात आणू नका.

इतकं करूनही एखादं रेझिन ऐकत नसेल तर टिन सिलिकॉन वापरा. ते जास्त आकसतं, साचाही लवकर म्हातारा होतो, त्यामुळे नेमक्या मापाच्या कामाला नको. शिवाय त्याला घट्ट व्हायला हवेत ओल लागते. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते रेंगाळतं, तेव्हा जास्तीचा वेळ धरूनच साचा उघडा.