मिस्त्रीचे पैसे: इंग्लंडात घर घेणाऱ्या सातारा-सांगलीकरांसाठी

सातारा-सांगलीकडून इकडं येणाऱ्यांना व्हिसा, शाळा, डॉक्टर, भाकरीचं पीठ कुठं मिळतं हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यात मी भर घालत नाही. चार-पाच वर्षं भाड्यानं काढली की आपली माणसं घर घेतात, आणि इथली घरं जुनी असल्यामुळं पहिल्याच वर्षी बाथरूम, किचन, बॉयलर, छप्पर यांतलं काहीतरी निघतंच. मग मला फोन येतो. "दादा, टाइल्स वरखाली लागल्यात. माणूस उरलेले पैसे मागतोय. देऊ का थांबवू?" फोन येईपर्यंत बहुतेक पैसे देऊन झालेले असतात, लेखी काहीच नसतं, आणि दोन्हीकडचा आवाज चढलेला असतो.

माझे वडील कराडात फरशी बसवायचे. आधी शहाबादी, मग कोटा, मग टाइल्स. घरात त्यांची एक वही होती. कामाचं ठिकाण, किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट), दर, उचल किती घेतली, बाकी किती. त्या बाकीच्या रकान्यात कित्येक आकडे वर्षानुवर्षं तसेच राहिले, आणि त्यातले बरेचसे चांगल्या मोठ्या बंगल्यांचे होते. काम संपलं, घरभरणी झाली, की मालक म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात या." त्यामुळं पुढं जे लिहितोय ते एकट्या घरमालकाच्या बाजूनं नाही. कारागिराचे पैसे बुडवायला मी कुणालाही मदत करणार नाही.

गावाकडं हा व्यवहार ओळखीवर चालतो. गवंडी पलीकडच्या गल्लीतला, मुकादम चुलत्याच्या माहितीतला. मजुरी ब्रासवर नाहीतर हजेरीवर, सामान मालकानं आणून द्यायचं, शनिवारी थोडी उचल द्यायची, शेवटी हिशेब. वाद झालाच तर पेठेतलं कुणीतरी जाणतं माणूस दोघांना बसवतं आणि मधला आकडा काढून देतं. इंग्लंडात तसं मध्ये बसणारं कुणी नाही. जे लिहिलं असेल तेवढंच तुमच्या बाजूनं उभं राहतं. आपली माणसं इथंच चुकतात. ऑफिसात एकेका ओळीचा ईमेल जपून ठेवणारा माणूस बारा हजार पौंडांचं किचन तोंडी ठरवतो.

पहिली गोष्ट, 'कोटेशन' आणि 'एस्टिमेट' यांत फरक आहे. एस्टिमेट म्हणजे अंदाज. काम करताना तो वर जाऊ शकतो, अर्थात वाटेल तितका नाही. कोटेशन म्हणजे ठरलेली किंमत. तुम्ही ते मान्य केलंत की कामात बदल होत नाही तोवर तो आकडा दोघांनाही बांधून ठेवतो. कारागीर बोलताना दोन्ही शब्द सैल वापरतात, म्हणून कागदावर काय आहे ते बघा. जुनं उचकटून बाहेर टाकायचं कुणी, ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरायचा माल), सीलंट (कडेनं पाणी अडवणारा डिंकासारखा लेप), प्लास्टर धरलंय का, व्हॅट धरलाय का, हे त्यात असलंच पाहिजे. व्हॅट २० टक्के आहे. लहान कारागीर बहुतेक वेळा व्हॅटखाली येत नाहीत, पण मोठी कंपनी असेल तर ही एक ओळ हजार-दोन हजार पौंडांची असते.

आता ॲडव्हान्स. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण इस्लामपूरकडचं एक जोडपं यात पोळलेलं मी जवळून पाहिलंय. दोघं नोकरी करणारे, पहिलं घर, पहिलं बाळ. किचनसाठी एका कंपनीनं १४,००० पौंड सांगितले आणि "आज ८,००० भरलेत तर सवलत" म्हणाली. त्यांनी बँकेतून थेट पाठवले. जुनं किचन काढून नेलं, दोन कपाटं आली, मग फोन उचलायचं बंद झालं, आणि काही आठवड्यांनी कंपनीच बंद पडल्याचं पत्र आलं. हिवाळाभर त्यांनी हॉलमधल्या एका इंडक्शन शेगडीवर स्वयंपाक केला आणि भांडी बाथरूमच्या बेसिनमध्ये घासली. ते ८,००० आजतागायत आलेले नाहीत.

त्यातले नुसते ५०० जरी त्यांनी क्रेडिट कार्डानं भरले असते तर गोष्ट वेगळी झाली असती. इथं १९७४ चा कन्झ्युमर क्रेडिट ॲक्ट आहे, त्याचं ७५ वं कलम पाठ करून ठेवा. वस्तूची किंवा कामाची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पौंडांपर्यंत असेल, आणि तिचा थोडासा भाग जरी तुमच्या क्रेडिट कार्डावरून थेट त्या व्यावसायिकाला गेला असेल, तर काम बिघडल्याची किंवा न झाल्याची जबाबदारी कार्ड कंपनीवरही तेवढीच येते. आणि ती कार्डावर भरलेल्या रकमेपुरती राहत नाही, सगळ्या व्यवहाराची येते. कंपनी बुडाली तरी मागता येतं. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही. बँक ट्रान्सफरला नाही. रोखीला तर नाहीच. पुन्हा सांगतो: ॲडव्हान्स क्रेडिट कार्डानं. कारागीर म्हणाला "कार्ड घेत नाही", तर ॲडव्हान्स सामानापुरताच द्या, आणि शक्य असेल तर ते सामान दुकानातून स्वतःच्या कार्डावर, स्वतःच्या नावानं घ्या.

आणि रोख दिले तर इतके कमी करतो असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. आपल्याकडं ही सवय फार आहे, आणि इथं येऊनही सुटत नाही. वाचवलेल्या दोनशे पौंडांपायी बिल जातं, पावती जाते, आणि उद्या भिंत ओली झाली तर ते काम त्यानंच केलं होतं हेही सिद्ध करता येत नाही.

बाकीची रक्कम टप्प्यांनी. बाथरूमचं उदाहरण घ्या. जुनं काढून पाइप फिरवून झाले की एक हप्ता, टाइल्स लागल्या की दुसरा, नळ-कमोड बसून पाणी चालू झालं की तिसरा, आणि शेवटचे पाच-दहा टक्के बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावर. टप्पा कशाला म्हणायचं ते कोटेशनमध्येच लिहून घ्या. तारखेवर हप्ते लावू नका, कामावर लावा. पैसा कामाच्या पुढं पळता कामा नये. आणि टप्पा पूर्ण झाला की त्याच संध्याकाळी द्या, चार दिवस चालढकल करू नका. तो माणूस तुमच्या पैशातूनच पुढचं सामान आणणार असतो.

भांडणांचं सगळ्यात मोठं मूळ मात्र वाढीव काम. "आलाच आहात तर तेवढा जिन्याखालचा नळपण बघा ना." मालकाला वाटतं हे ठरलेल्यातच झालं, कारागीर मनात धरतो दीड दिवस. शेवटच्या बिलात ते उमटतं आणि मग तोंडं फिरतात. वाढीव काम सांगितलंत की लगेच व्हॉट्सॲपवर लिहा: काय करायचं, किती पैसे, किती दिवस. त्याचं "ओके" आलं की मगच सुरुवात. एवढा मेसेज पुढं कोर्टातही चालतो.

काम बिघडलं तर काय करायचं? आधी नीट बघा. वडील थापीच्या दांड्यानं एकेक फरशी वाजवून बघायचे. खाली माल भरून बसला असेल तर आवाज भरीव येतो, पोकळ राहिला असेल तर डबडब वाजतं. तुम्ही नाण्यानं वाजवा. कोपऱ्यात आणि दाराशी आधी वाजवा, तिथंच हात आखडता घेतात. ओळ सरळ आहे का ते बॅटरी भिंतीला लावून आडवा प्रकाश टाकून बघा. शॉवरचं पाणी मोरीकडं जातं की कोपऱ्यात साचतं ते बघा. जे सापडेल त्याचे फोटो काढा, यादी करा, आणि त्या माणसाला लेखी पाठवा.

इथल्या २०१५ च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणं काम वाजवी काळजीनं आणि कौशल्यानं झालं पाहिजे. तसं झालं नसेल तर त्यानं ते स्वतःच्या खर्चानं, वाजवी वेळात पुन्हा करून द्यायचं. ते जमलं नाही किंवा तो करीना, तर किंमत कमी करून मागायची. हा क्रम लक्षात ठेवा. रागाच्या भरात दुसरा माणूस आणून सगळं उचकटलंत तर तुमचीच बाजू लंगडी पडते, कारण पहिल्याला सुधारायची संधी मिळाली नाही आणि बिघाड दाखवायलाही काही उरलं नाही.

तोवर पैसे रोखायचे तर बिघाडापुरते रोखा. सहा टाइल्स पोकळ आहेत म्हणून ३,००० पौंडांचं बिल अडवून ठेवणं बरोबर नाही. दुरुस्तीला किती लागतील याचा दुसऱ्या कारागिराकडून लेखी आकडा घ्या, तेवढे मागं ठेवा, बाकीचे देऊन टाका, आणि का रोखले ते लिहून कळवा.

आपल्या लोकांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. काम चांगलं झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणत शंभर-दीडशे कापणारे मला इथं भेटलेत, आणि ते मित्रांत ते कौतुकानं सांगतात. घासाघीस करायची ती काम ठरवताना करा, मनसोक्त करा. काम झाल्यावर दर पाडणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं काढून घेणं आहे. आमच्या घरी त्याच्यामुळं शाळेची फी थकलेली आहे, म्हणून हे लिहिताना मला राग येतो. शिवाय इथला कारागीर 'पुढच्या आठवड्यात' ऐकून घेत नाही. आधी एक लेखी इशारा येतो, मग ऑनलाइन दावा. निकाल विरुद्ध गेला आणि महिन्याच्या आत पूर्ण पैसे भरले नाहीत, तर ती नोंद तुमच्या नावावर सहा वर्षं राहते. घराचं कर्ज नव्यानं घ्यायला गेलात की बँक आधी तेच काढते.

उलट, एखादा माणूस "पैसे नाहीत तर बसवलेलं सामान काढून नेतो" अशी धमकी देत असेल तर घाबरू नका. घरात पक्कं बसलेलं सामान तो परस्पर उचकटून नेऊ शकत नाही, आणि तुमच्या परवानगीशिवाय आतही येऊ शकत नाही.

दावा तुम्हालाही लावता येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचं प्रकरण स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे कोर्टातल्या लहान दाव्यांच्या सोप्या पद्धतीत, जातं, वकील लागत नाही, फी रकमेप्रमाणं. दाव्याआधी काय झालं, किती मागताय, उत्तराला किती दिवस, असं पत्र पाठवा. साधारण १४ दिवस देतात. मे २०२४ पासून अशा पैशांच्या दाव्यांत आधी फोनवर तासाभराची मध्यस्थी सक्तीची झालीय. ती फुकट आहे. तिला तयारीनं जा, कारण बरीच प्रकरणं तिथंच मिटण्यासारखी असतात. दावा लावायची मुदत सहा वर्षं. स्कॉटलंडला राहत असाल तर हे आकडे तिथं तसे लागत नाहीत.

गॅसचं काम गॅस सेफ रजिस्टरवर, म्हणजे गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत, नाव असलेल्याकडूनच. विजेच्या कामाचं सर्टिफिकेट हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

आता मिरज-तासगावकडची जी पोरं इकडं रंगकाम, प्लास्टर, टायलिंगची कामं घेतात त्यांच्यासाठी. गिऱ्हाइकाच्या घरी बसून काम ठरवलंत तर इथल्या २०१३ च्या ग्राहक करारांच्या नियमांप्रमाणं त्याला १४ दिवसांत ते रद्द करायचा हक्क असतो, आणि तो हक्क आहे हे तुम्ही त्याला लेखी कळवायचं असतं. कळवलं नाहीत तर ती मुदत आणखी १२ महिन्यांपर्यंत लांबते. त्या १४ दिवसांतच काम सुरू करायचं असेल तर "लगेच सुरू करा" अशी स्पष्ट लेखी विनंती गिऱ्हाइकाकडून घ्या. ती नसेल आणि त्यानं मध्येच रद्द केलं, तर झालेल्या कामाचे पैसेसुद्धा मागता येत नाहीत. राबून हात रिकामे राहिलेले मी पाहिलेत. एक छापील अर्ज बनवून गाडीत ठेवा आणि प्रत्येक कामाला सही घ्या. बिल पाठवताना किती दिवसांत पैसे हवेत तेही लिहा.

शेवटी सातारा-सांगलीकडचं. इंग्लंडात राहून साताऱ्यात गोडोलीला नाहीतर सांगलीत विश्रामबागेत घर बांधणारे बरेच जण आहेत. भाऊ किंवा मेव्हणा मध्ये असतो, व्हिडिओ कॉलवर स्लॅब दिसतो, आणि पैसे जात राहतात. वाद झाला की ठेकेदाराआधी भावाशी बोलणं तुटतं. त्या भावाला यातून वाचवायचं असेल तर ठेकेदाराशी करार तुम्ही स्वतः करा: जोतं, स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी, प्रत्येक टप्प्याला रक्कम. ठेकेदाराशी संबंध नसलेला एखादा इंजिनिअर पैसे देऊन लावा आणि त्यानं माप घेऊन कळवल्यावरच हप्ता सोडा. पैसे ठेकेदाराच्या खात्यात पाठवा, भावाच्या नको. बिघडलंच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सातारा आणि सांगली दोन्हीकडं जिल्हा ग्राहक आयोग आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथं चालते. वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघायला सांगा.

ज्यांचं काम आता ठरतंय त्यांनी कोटेशन मला पाठवावं, मी वाचून काय राहिलंय ते सांगतो. फक्त पैसे भरण्याआधी पाठवा, आणि कागदासोबत त्या माणसाशी झालेलं व्हॉट्सॲपचं सगळं बोलणंही पाठवा.