नर्सरी टीचर व्हायचंय? कोर्सची फी भरण्याआधी हे वाचा

मार्च-एप्रिल आला की प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न येतोच, नर्सरी टीचर व्हायचंय, कुठला कोर्स करू? आणि खाली लगेच सल्ले सुरू, एनटीटी (नर्सरी टीचर ट्रेनिंग) कर, मॉन्टेसरी कर, ईसीसीएड (बालसंगोपन आणि बालशिक्षणाचा कोर्स) कर, माझ्या जावेने केला तिला महिन्यात नोकरी लागली वगैरे. पण नोकरी नक्की कुठे करायचीय हे कुणी विचारतच नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. कारण अंगणवाडी, शाळेतली केजी आणि स्वतःचा प्ले ग्रुप या तिन्हीचे नियम वेगळे, कागद वेगळे, अर्ज करायची जागासुद्धा वेगळी. एकीकडे चालणारं सर्टिफिकेट दुसरीकडे कुणी हातातही धरत नाही. म्हणून आधी जागा ठरवा, कोर्स नंतर. खाली सगळं महाराष्ट्रापुरतं लिहितेय.

अंगणवाडी

अंगणवाडीला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी पाड्यांवर जाऊन बालवाड्या चालवल्या, त्यांचं ते काम आधीचं, आणि अंगणवाड्या चालवणारी सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली १९७५ ला, २ ऑक्टोबरला. म्हणजे ज्या कामासाठी आज मोठमोठ्या ब्रँडच्या प्री-स्कूल लाखभर फी घेतात ते काम आपल्या बायका झाडाखाली बसून करत होत्या. असो.

सेविका व्हायला कुठलाही एनटीटी-बिनटीटी कोर्स लागत नाही. बारावी पास पाहिजे. पूर्वी दहावी चालायचं, फेब्रुवारी २०२३ च्या शासन निर्णयापासून बारावी झालं, मदतनीसलाही तेच. वय १८ ते ३५, विधवा असेल तर ४० पर्यंत. आणि सगळ्यात महत्त्वाची अट म्हणजे तुम्ही तिथल्याच रहिवासी पाहिजेत, शेजारच्या गावात जागा निघाली म्हणून अर्ज टाकून उपयोग नाही. लहान कुटुंबाची अट पण आहे, हयात अपत्यं दोनपेक्षा जास्त नकोत, त्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

निवड गुणांवर होते. बारावीचे मार्क, त्यावर पदवी, डीएड, बीएड, एमएससीआयटी (कॉम्प्युटरचा कोर्स) असेल तर त्याचे वाढीव गुण, शिवाय विधवा किंवा अनाथ असाल, मागास प्रवर्गातल्या असाल, आधीचा अंगणवाडीचा अनुभव असेल तर त्याचे वेगळे. म्हणून माझं म्हणणं असं की अंगणवाडीच डोक्यात असेल तर कुठल्यातरी क्लासच्या नर्सरी कोर्सला वीस-तीस हजार घालण्यापेक्षा एमएससीआयटी करून ठेवा, त्याचे गुण तरी धरतात. जाहिरात बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याच्या ऑफिसातून निघते, जिल्हा परिषदेच्या साइटवर आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागते, अर्जाला मुदत थोडी असते, त्यामुळे रहिवासी दाखला, जातीचा दाखला, मार्कलिस्टच्या साक्षांकित प्रती हे आधीच फाईलला लावून ठेवलेलं बरं. जाहिरात आल्यावर तहसीलला पळायचं म्हणजे अर्धी मुदत तिथेच संपते. आणि कुणी म्हणालं की साहेबांशी बोलणं झालंय, एवढे द्या काम होईल, तर सरळ दार दाखवा. यादी गुणांवर लागते, तुमचे गुण तुम्हालाही मोजता येतात.

एक मात्र समजून जा, यात मिळतं ते मानधन, पगार नाही. आणि काम फक्त गाणी-गोष्टींचं नाही, वजन-उंची घ्या, आहार वाटा, लसीकरणाच्या दिवशी आया-मुलांना गोळा करा, गरोदर बायकांकडे गृहभेटी, आणि हे सगळं पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवर मोबाईलमध्ये भरा, नेट असो नसो. शिकवण्याचं प्रशिक्षण नेमणुकीनंतर सरकार देतं, राज्याचा बालशिक्षण अभ्यासक्रम आहे तो समजावतात. नवीन शैक्षणिक धोरणात म्हणजे २०२० च्या, बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स आणि त्यापेक्षा कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा द्यायचं लिहिलेलं आहे.

शाळेतली नर्सरी, केजी, बालवाटिका

इथे कोर्सचा प्रश्न खरा येतो, आणि लुबाडणूकही इथेच जास्त.

कागदावरचा नियम असा की एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद, तिने २०१४ मध्ये ठरवलंय की पूर्व प्राथमिक शिक्षकाला बारावीला किमान ५० टक्के आणि वर नर्सरी टीचर एज्युकेशन, प्री-स्कूल एज्युकेशन किंवा बालशिक्षणाचा कमीत कमी दोन वर्षांचा डिप्लोमा पाहिजे, नाहीतर बीएड नर्सरी. आणि डिप्लोमा ज्या संस्थेचा तिला एनसीटीईची मान्यता पाहिजे. राखीव प्रवर्गाला टक्क्यांत सूट असते ती जाहिरातीत बघायची.

आता प्रत्यक्षात काय दिसतं? गल्लीतल्या नर्सरीत सहा महिन्यांचा कोर्स केलेली, एक वर्षाचा केलेली, काहीच न केलेली पण इंग्लिश बरं बोलणारी, सगळ्या असतात. खासगीवाले मालकाच्या मर्जीने घेतात. त्यामुळे लहान कोर्स करूच नये असं मी म्हणत नाही, घराजवळच्या प्ले ग्रुपमध्ये दोन-तीन तास काम करायचंय तर तेवढ्याने भागतं, आणि कोर्स चांगला असेल तर मुलांशी वागायचं कसं हे खरंच कळतं. पण मग पुढे केंद्रीय विद्यालयाच्या बालवाटिकेची (म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गांची) जाहिरात येते, तिथे दोन वर्षांचा डिप्लोमा असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि मग फोन येतात, ताई माझा एक वर्षाचा आहे चालेल का. नाही चालत हो. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालशिक्षणाचा डिप्लोमा, डीईसीई म्हणतात तो, बारावीनंतर करता येतो, साहित्य चांगलं आहे, घर सांभाळून होतो, फी आवाक्यातली, मला स्वतःला तो आवडतो. पण तोही एक वर्षाचाच, तेव्हा कशासाठी करताय ते ठरवून करा.

कोर्स विकणाऱ्याला काय विचारायचं तर एवढंच, एनसीटीईची मान्यता आहे का, आणि असेल तर मान्यतेचा आदेश दाखवा. मग घरी येऊन एनसीटीईच्या साइटवर पश्चिम विभागाच्या यादीत त्या संस्थेचं नाव आणि समोर कोर्सचं नाव दोन्ही बघायचं. दोन्ही का, तर संस्थेला बीएडची मान्यता असते आणि त्याच पाटीखाली नर्सरीचा कोर्स विनामान्यतेचा चालू असतो. आणि 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड', 'आयएसओ', 'भारत सरकारच्या कायद्याखाली नोंदणीकृत ट्रस्ट' या शब्दांना भुलू नका, ट्रस्ट तर भजनी मंडळाचीही नोंदणीकृत असते. मॉन्टेसरीचंही तसंच आहे, पद्धत म्हणून सुंदर, मॉन्टेसरी शाळांमध्ये त्या ट्रेनिंगला किंमतही आहे, पण सरकारी जाहिरातीत मागितलेला डिप्लोमा म्हणून ते आपोआप धरलं जाईल असं समजू नका.

डीएलएड, म्हणजे जुनं डीएड, झालंय त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो आम्ही केजीला चालतो का. खासगी शाळा आनंदाने घेतात. पण तो कोर्स पहिलीपासून पुढच्या वर्गांसाठीचा आहे आणि टीईटी, सीटीईटी या शिक्षक पात्रता परीक्षाही पहिली ते आठवीच्या. नुसत्या नर्सरीसाठी टीईटीचा क्लास लावायची गरज नाही, क्लासवाले सांगतील आहे म्हणून. आणि नुकतीच बारावी झालेली मुलगी (किंवा मुलगा, मुलं या क्षेत्रात यायलाच पाहिजेत) घरात असेल तर चार वर्षांचा आयटेप (एकात्मिक शिक्षक शिक्षण कोर्स) बघा, त्यात पदवी आणि शिक्षक प्रशिक्षण एकत्र होतं आणि पायाभूत स्तर म्हणजे ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठीचा पर्याय असतो. प्रवेश एनसीईटी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. लांबचा विचार करत असाल तर मला हाच रस्ता सगळ्यात शहाणा वाटतो, कारण नवीन धोरणात नर्सरी ते दुसरी हा एकच टप्पा धरलाय.

पोलीस पडताळणी, यात टाळाटाळ नको

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले त्यानंतर शाळांनी कागद मागायला सुरुवात केली, पण नियम त्याआधीपासूनच होता. पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, २०२० च्या नियमांत लिहिलंय की शाळा, पाळणाघर, जिथे जिथे मुलांशी नेहमीचा संबंध येतो तिथल्या सगळ्या स्टाफची पोलीस पडताळणी आणि पार्श्वभूमीची तपासणी करायची, तीही ठराविक काळाने परत परत. सगळ्या म्हणजे टीचर, मावशी, व्हॅनचे काका, डान्स शिकवायला आठवड्यातून एकदा येणारे सर सुद्धा.

चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून करता येतो, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा लागतो, फी ऑनलाइन भरायची, मग तुमच्या हद्दीच्या पोलीस स्टेशनकडून चौकशी होते. आधारवर माहेरचा पत्ता आणि राहता सासरी असं असेल तर आधी पत्ता सरळ करून घ्या, अर्ज अडकायचं हे नेहमीचं कारण. जी शाळा हा कागद मागतच नाही तिथे नोकरी घ्यावी का याचा तुम्हीच विचार करा.

पॉक्सोचं अजून एक, हे मुलाखतीला विचारतातही. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका जरी आली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, कलम १९. न कळवल्यास शिक्षा आहे, सहा महिन्यांपर्यंत, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापिकेला सांगितलं म्हणजे माझं काम झालं असं नसतं. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर पाठ पाहिजे.

प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट कुणी मागत नाही, तरी करा. सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचे कोर्स असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या घशात द्राक्ष अडकल्यावर काय करायचं हे यूट्यूबवर शोधायला वेळ नसतो.

स्वतःचा प्ले ग्रुप काढायचाय

हे लोकांना सगळ्यात सोपं वाटतं, हॉल आहे, चार खेळणी आणली, भिंतीवर छोटा भीम काढला, झालं. इतकी वर्षं खरंच तसं चालूनही गेलं, कारण नर्सरीला कुठल्या खात्याची परवानगी घ्यायची हेच धड ठरलेलं नव्हतं. २०२५ मध्ये मात्र शालेय शिक्षण विभागाने ३ ते ६ वयोगटाच्या खासगी केंद्रांना त्यांच्या पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. व्यवस्थापन कुणाचं, मुलं किती, स्टाफ किती, टॉयलेट वगैरे सोयी काय हे त्यात भरायचं. नवीन काढत असाल तर पहिलं काम हे, आणि अडलं तर जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात प्रत्यक्ष जाऊन विचारायचं.

सोयी काय ठेवायच्या याला राष्ट्रीय बाल हक्क आयोगाची खासगी प्ले स्कूलसाठीची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती डाउनलोड करून वाचाच. दर २० मुलांमागे एक टीचर आणि एक मावशी, कुंपण, सीसीटीव्ही, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, रोजचे तीन-चार तास, मारहाण अजिबात नाही, आणि तीन वर्षांच्या आतलं मूल घ्यायचं नाही. या शेवटच्या मुद्द्यावर आया भांडतात, आमचा खूप हुशार आहे घ्या ना म्हणून. वयाची तारीख आपल्याकडे ३१ डिसेंबर, त्या वर्षी ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होत असतील तर नर्सरी. आणि मुलाची किंवा आईबापांची मुलाखत घेऊन प्रवेश द्यायची फॅशन करू नका, राज्यात त्याविरुद्ध १९९६ पासून कायदा आहे.

बाकी कागद म्हणजे जागेचा रजिस्टर्ड भाडेकरार, सोसायटीची एनओसी लेखी (चेअरमन तोंडी हो म्हणतात आणि पुढच्या वर्षी कमिटी बदलते), फायर ब्रिगेडची एनओसी, शॉप अ‍ॅक्टची नोंदणी, खाऊ तुम्ही बनवून देणार असाल तर अन्न परवाना. पूर्व प्राथमिक शिक्षणाच्या फीवर जीएसटी नाही, पण डे-केअर, समर कॅम्प जोडणार असाल तर त्याचं सीएला वेगळं विचारा.

फ्रँचायझी घेणाऱ्यांसाठी एकच, पाच-दहा लाख भरून तुम्हाला नाव, पुस्तकं आणि युनिफॉर्म मिळतो. सरकारी परवानगी त्यात येत नाही, नोंदणी, पडताळणी, एनओसी सगळं तुमच्याच डोक्यावर, आणि काही झालं तर पोलीस तुमच्याकडे येणार, कंपनीच्या हेड ऑफिसला नाही. करारात सेंटर बंद केल्यावर काय, तेवढं कलम वकिलाला दाखवून मगच सही करा.

नोकरीच शोधत असाल तर शाळा जूनच्या भरतीच्या मुलाखती साधारण फेब्रुवारीपासूनच घ्यायला लागतात, मेमध्ये उरतात त्या कुणीतरी सोडून गेलेल्या जागा. म्हणजे पडताळणीचा अर्ज, मार्कलिस्ट, अनुभवाची पत्रं हे डिसेंबर-जानेवारीतच गोळा करा, आणि मुलाखतीला डेमो मागतात तेव्हा इंग्लिश राइमच म्हणायला पाहिजे असं नाही, एखादं बडबडगीत हातवारे करून म्हणता आलं तरी समोरच्या बाईंना कळतं तुम्ही मुलांत बसलेल्या आहात की नाही.