फोनमध्ये डोकं घातलेल्या चालकापासून सायकलवाल्याने कसं वाचावं

चकाकणारं जॅकेट घाला, हेल्मेट घाला, मागे लाल दिवा लावा. सायकलवाल्याला मिळणारे हे सगळे सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे मागून येणारा माणूस रस्त्याकडे बघतो आहे. तो मांडीवरच्या फोनकडे बघत असेल तर तुमचं जॅकेट पिवळं असो की काळं, त्याला फरक पडत नाही. अशा वेळी ‘मी दिसतोय ना?’ यापेक्षा ‘हा बघतोय का?’ हा प्रश्न कामाचा असतो. खालच्या सगळ्या पायऱ्या या दुसऱ्या प्रश्नाभोवती आहेत. डोळ्यांसमोर पुण्याचे रस्ते आहेत, म्हणजे कर्वे रस्ता, पौड रस्ता, सिंहगड रस्ता, हिंजवडीकडे जाणारी गर्दी. गाव वेगळं असेल तर तपशील बदलून घ्या.

पहिली पायरी: मीटरचा हिशेब डोक्यात ठेवा

ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे सरकते. मेसेज वाचायला तीन सेकंद लागले असं धरलं, तरी तेवढ्यात ती ३३ मीटर आंधळी गेली. तुम्ही १५ च्या वेगाने चालला आहात आणि ती तुमच्या मागे २० मीटरवर आहे, तर तीन सेकंद पुरे होण्याआधीच ती तुमच्यापाशी पोचते. शहरातल्या वेगाचं हे गणित आहे. बायपासवर ते कितीतरी वाईट होतं.

दुसरी गोष्ट, हातात फोन नाही म्हणजे चालक शुद्धीवर आहे, असं समजू नका. टोरंटोमधल्या चालकांवरचा १९९७ सालचा एक अभ्यास प्रसिद्ध आहे. फोनवर बोलताना धडकेचा धोका सुमारे चौपट होतो, असं त्यात दिसलं आणि हँड्सफ्री वापरणाऱ्यांना त्यातून काही सूट मिळालेली आढळली नाही. डोळे रस्त्यावर असतात, पण मन बोलण्यात. अशा चालकाच्या नजरेसमोरून सायकल जाते आणि त्याच्या मेंदूत नोंदच होत नाही. ‘अहो, हा एकदम कुठून आला!’ असं अपघातानंतर चालक म्हणतो तेव्हा तो नेहमी खोटं बोलत असतो असं नाही.

दुसरी पायरी: फोनवाला ओळखायला शिका

सगळ्यात जास्त वेळ याच्यावर घालवा. डोळ्याला सवय झाली की दहा-पंधरा दिवसांत हे आपोआप दिसायला लागतं.

पुढची गाडी मोकळ्या रस्त्यावर विनाकारण हळू चालली आहे आणि तिच्यापुढे मोठी जागा पडली आहे, तर चालक फोनवर असण्याची शक्यता भरपूर. गाडी डावीकडे सरकते, मग झटक्यात परत सरळ होते, तेव्हा डोकं वर आलं असं समजा. ब्रेकचे दिवे काही कारण नसताना लागतात-विझतात. सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवतात, तरी गाडी हलत नाही. रात्री काचेतून चालकाच्या हनुवटीवर खालून निळसर उजेड पडलेला दिसतो. यातलं एक दिसलं तर सावध व्हा, दोन दिसली तर त्या गाडीच्या जवळ जाऊ नका.

दुचाकीवाल्यांची तऱ्हा वेगळी. मान खांद्याला चिकटवून बोलणारा लांबून ओळखू येतो. त्याचा एक कान आणि एक बाजूचं दृश्य बंद असतं, शिवाय मान सरळ केली तर फोन पडेल म्हणून तो वळून बघतच नाही. फोन हेल्मेटमध्ये खुपसलेल्याचे दोन्ही हात मोकळे असतात, त्यामुळे तो जास्त वेगात असतो. त्याच्या पुढे काही तरी हातवारे करून आपण आहोत हे कळवण्याच्या भानगडीत पडू नका, त्याला जाऊ द्या.

रिक्षा, कॅब आणि डिलिव्हरीवाले यांच्याबद्दल थोडं समजून घेतलं पाहिजे. त्यांच्यासाठी फोन ही हौस नाही, तो कामाचा भाग आहे. नवीन भाडं किंवा ऑर्डर स्क्रीनवर येते आणि काही सेकंदांत बोट लावलं नाही तर ती दुसऱ्याकडे जाते. म्हणजे ॲपच त्यांना चालत्या गाडीत खाली बघायला लावतं. राग ॲपवर काढावा असं माझं मत आहे, पण रस्त्यावर आपलं अंतर मात्र त्यांच्यापासूनच ठेवायचं. हँडलला फोन लावलेली गाडी टुंग असा आवाज होताच हळू झाली किंवा कडेला वळली, तर ती तुमच्या पुढ्यातच थांबणार हे धरून चाला. होल्डरमध्ये क्रिकेट किंवा रील्स चालू असलेल्या रिक्षाबद्दल मात्र अशी काही सहानुभूती बाळगायचं कारण नाही.

तिसरी पायरी: सिग्नलला जागा निवडून उभे राहा

लाल दिवा लागला की अर्ध्या गाड्यांत माना खाली जातात. थांबलेल्या गाड्यांच्या मधून पुढे जाताना प्रत्येक चालकाच्या मानेकडे बघा, हा फुकटचा आढावा असतो. मग वर मान असलेल्या गाडीच्या पुढे उभे राहा, खाली मान असलेल्याच्या पुढे नको. बस, टँकर आणि डंपर यांच्या डाव्या अंगाला कधीही उभे राहू नका. तिथे फोन नसलेल्या चालकालाही तुम्ही दिसत नाही.

हिरवा झाल्यावरचा पहिला अर्धा मिनिट मला सगळ्यात फसवा वाटतो. हॉर्न ऐकून चालक फोन बाजूला टाकतो आणि गाडी दामटतो, पण त्याचं डोकं अजून त्या मेसेजमध्येच असतं. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली एका अमेरिकी संस्थेसाठी गाड्यांमधल्या, बोलून आज्ञा देण्याच्या यंत्रणा तपासल्या. आज्ञा देऊन झाल्यावरही काही चालकांचं लक्ष पुरतं रस्त्यावर यायला २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. म्हणून सिग्नल सुटला की पहिल्या झटक्यात चौक पार करण्याची शर्यत लावू नका. विशेषतः डावीकडे वळणारी गाडी असेल तर तिला आधी वळू द्या.

चौथी पायरी: रस्त्यात कुठे चालवायचं ते रस्ता बघून ठरवा

सायकलच्या पुस्तकी सल्ल्यात ‘लेनच्या मधोमध चालवा म्हणजे दिसाल’ असं येतं. गर्दीच्या, हळू चालणाऱ्या रस्त्यावर हे बरोबर आहे. लक्ष्मी रस्त्यावर कडेला चेंबरच्या झाकणांशी झुंजण्यापेक्षा दोन हात आत चालवलेलं बरं. पण हाच सल्ला नगर रस्त्यावर पहाटे सहाला पाळू नका. तिथे गाड्या ७०-८० ने येतात, रात्रभर चाललेल्या कॅबचा चालक पेंगत फोन चाळत असू शकतो, आणि लेनच्या मध्यावर तुम्ही त्याच्या नजरेच्या भरवशावर असता. अशा ठिकाणी पांढऱ्या पट्टीच्या डावीकडे राहा आणि आरशात बघत राहा.

उभ्या गाड्यांपासून मीटरभर अंतर ठेवा. फोनवर बोलत बसलेला माणूस बोलता बोलताच दार उघडतो. तुम्ही स्वतः गाडीत असाल तर उजवं दार डाव्या हाताने उघडायची सवय लावा. अंग आपोआप मागे वळतं आणि येणारी सायकल दिसते.

पाचवी पायरी: थोडं सामान, तेही स्वस्तातलं

आरसा ही पहिली खरेदी. हँडलच्या उजव्या टोकाला बसणारा साधा गोल आरसा सायकलच्या कुठल्याही दुकानात मिळतो. मागची गाडी डुलते आहे हे सांगणारं त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. मागून येणारं वाहन टिपणारी रडारंही मिळतात, पण पहाटे पेपर टाकणाऱ्या पोराला किंवा रात्रपाळीच्या वॉचमनला ती परवडत नाहीत, आणि पुण्यात रोज पोटासाठी सायकल चालवणारे बहुतेक तेच आहेत.

घंटी बंद काचेच्या आत पोचत नाही. गळ्यात शिट्टी अडकवा, किंवा सरळ ओरडा. ‘ओ दादा!’ अशी मोठी हाक खाली गेलेली मान वर आणते.

दिव्यांचं महत्त्व आधी कमी लेखलं म्हणून ते काढून टाकू नका. फोनवाला मध्येच एकदा डोकं वर काढतो, आणि त्या क्षणी तुम्ही दिसायला हवेत. मागचा लुकलुकणारा दिवा दिवसाही चालू ठेवा. पिवळं फ्लोरोसंट कापड रात्री उपयोगाचं नाही, तेव्हा प्रकाश परतवणारी पट्टी लागते. ती पाठीपेक्षा घोट्यांना बांधा. खाली-वर होणारे दोन ठिपके बघून ‘हा पेडल मारणारा माणूस आहे’ हे पटकन उमगतं.

आणि तुमचा फोन खिशात. कानात इअरफोनही नको, मागची गाडी ऐकू आली पाहिजे. जपानने नोव्हेंबर २०२४ पासून सायकल चालवताना फोन हाताळणाऱ्याला तुरुंगवासाची तरतूद केली आहे. आपल्याकडे सायकलवाला सहसा सुटतो, तरी तो हक्क बजावू नये.

सहावी पायरी: थोडक्यात वाचलात, तर भांडू नका

पुढच्या सिग्नलला गाठून काच ठोकण्याची इच्छा होते. पण तो दीड टनाच्या गाडीत आहे आणि तुम्ही सायकलवर. गाडीचा नंबर, रंग, वेळ, ठिकाण लक्षात ठेवा, कडेला थांबा, लिहून घ्या आणि वाहतूक पोलिसांकडे तक्रार करा. सायकलवर कॅमेरा असेल तर उत्तमच.

कायदा तुमच्या बाजूने आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना फोन हातात धरून वापरणं कलम १८४ खाली ‘धोकादायक चालवणं’ ठरतं. पहिल्या वेळी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. २०२० च्या नियमांनी फोनवर फक्त रस्ता बघायची मुभा दिली आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

सातवी पायरी: धडक झालीच तर

लागलं असेल तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलीस. ‘मला काही नाही झालं’ म्हणून लगेच उठून सायकल चालवू लागू नका, मुका मार आणि डोक्याचा मार नंतर वर येतो. जवळच्या कुणाला तरी गाडीचा फोटो काढायला सांगा. मदत करणाऱ्यांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, पोलिसांचं झेंगट मागे लागेल या भीतीने त्यांनी पाय मागे घेऊ नये.

मग सगळ्यात महत्त्वाचं. चालक फोनवर होता हे तुम्ही किंवा कुणी पाहिलं असेल तर ते जबाबात शब्दांत लिहून घ्या. ते नसेल तर एफआयआरमध्ये ‘भरधाव वेगात’ एवढाच छापील मजकूर उरतो. पोलीस त्या वेळचे कॉल रेकॉर्ड मागवू शकतात, पण कुणी तरी फोनचा उल्लेख केला तरच ते सुचतं. आसपासच्या दुकानांचे कॅमेरे त्याच दिवशी हेरा, जुनं चित्रण पुसलं जातं. रुग्णालयात अपघाताची पोलीस नोंद झाली ना, हे विचारा. पंचनामा होईपर्यंत सायकल दुरुस्तीला टाकू नका.

भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे सहा महिन्यांच्या आत करा. धडक देणारा पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी केंद्राच्या २०२२ च्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे द्यायचा असतो. पुष्कळांना हे माहीतच नसतं.

आठवी पायरी: फोनच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे?

गाडीतल्या प्रत्येक कॉलच्या दुसऱ्या टोकाला घरात किंवा ऑफिसात निवांत बसलेला कुणी तरी असतो, आणि पुष्कळदा तो आपणच असतो. ‘निघालास का, कुठे पोचलास’ असे फोन करू नका, निघतानाच लोकेशन शेअर करायला सांगा. कुणी उचललाच तर आधी ‘गाडी चालवतोयस का?’ विचारा, आणि ‘हो, बोल ना’ असं उत्तर आलं तर ‘पोचल्यावर कर’ म्हणून ठेवून द्या. साहेबांचा फोन असेल तर उचलावाच लागतो, असं सांगणारे पुष्कळ आहेत. तुम्ही साहेब असाल तर हे बदलणं तुमच्या हातात आहे.

जेवण मागवलंत तर डिलिव्हरीवाल्याला वाटेत फोन करून रस्ता समजावू नका, त्याच्यापुढे एखादी सायकल असेल. पत्त्याच्या रकान्यातच नीट लिहा: मारुतीच्या देवळासमोरची गल्ली, डावीकडची तिसरी इमारत, लिफ्ट बंद आहे, जिन्याने दुसरा मजला.