अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम : लांबलचक इंग्रजी नाम कसे फोडावे आणि जोर कोठे द्यावा

‘डावीकडून एकेक अक्षर जुळवत वाचा’ हा सल्ला अठ्ठावीस इंग्रजी अक्षरांच्या या शब्दापुढे कुचकामी आहे. शब्द शेवटाकडून सोलावा.

आधी ‘इझम’, मग ‘एरियन’, मग ‘मेंट’ हे प्रत्यय काढावेत. नंतर पुढचे ‘अँटि’ आणि ‘डिस’ हे उपसर्ग. उरतो ‘एस्टॅब्लिश’. चर्च ऑफ इंग्लंडचे राज्यमान्य स्थान काढून घेण्यास विरोध करणारी भूमिका, हा एकूण अर्थ. (आयर्लंडमधील चर्चचे असे स्थान १८६९ च्या कायद्याने १८७१ पासून संपुष्टात आले.)

उच्चारातील अवयव (सिलॅबल) कानाने मोजावेत : अँ-टि-डिस्-इ-स्टॅब्-लिश्-मन्-टे-रि-अ-नि-झम, एकूण बारा. ‘मेंट’मधला ‘ट’ घटक म्हणून मागच्या प्रत्ययाचा असला, तरी बोलताना तो पुढच्या ‘टे’ला जाऊन मिळतो, म्हणून घटकांची फोड आणि उच्चाराची फोड एकाच कागदावर एकमेकींत मिसळू नये.

खरी मेख आघाताची, म्हणजे कोणत्या अवयवावर जोर द्यायचा याची आहे. मराठीत आघाताने सहसा शब्दाचा अर्थ बदलत नसल्यामुळे आपण सगळे अवयव सारख्याच वजनाने म्हणतो, किंवा ‘स्टॅब्’ मुळात जोरकस आहे म्हणून तेथेच थांबतो. ‘मूळ शब्दाचा आघात कायम राहतो’ हे शिकवणीतले ठाम वाक्य तर सपशेल अपुरे आहे. मेंट आणि इझम आघाताला हात लावत नाहीत, हे खरे. मॅनेज-मॅनेजमेंट म्हणून पाहावे. पण ‘एरियन’ तो स्वतःकडे ओढून घेतो : ‘लायब्ररी’त जोर पहिल्या ‘लाय’वर असतो, ‘लायब्रेरियन’मध्ये तो ‘ब्रे’वर सरकतो. तोच नियम येथे लावला की मुख्य आघात ‘टे’वर येतो, ‘अँ’, ‘डिस्’ आणि ‘स्टॅब्’ यांच्यावर दुय्यम आघात उरतो. शब्दकोशात मुख्य आघाताची उभी रेघ अवयवाच्या आधी वर, दुय्यमाची खाली असते. फक्त वरची रेघ शोधावी.

आणि जोर म्हणजे ओरडणे नव्हे. ‘टे’ लांब आणि स्पष्ट ठेवावा, शेजारचा ‘मन्’ मात्र गिळून टाकावा. देवनागरीत लिहिलेला ‘मेंट’ येथे फसवतो, कारण त्यातील ‘ए’ प्रत्यक्षात कोणी उच्चारत नाही.

सरावही उलट दिशेनेच करावा : ‘टेरियनिझम’, मग ‘मन्टेरियनिझम’, मग ‘इस्टॅब्लिश्मन्टेरियनिझम’, आणि अगदी शेवटी उपसर्ग जोडावेत.